तुरीच्या घरची गुंज

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी चोवीस वर्षांचा होतो, म्हणजे आईच्या हिशोबानं. आईचा हिशोब नाल्याच्या पुरावरून, आणि नाल्याला पूर दरसाल यायचा, तेव्हा एखादं वर्ष इकडं-तिकडं धरा. त्या भादव्यात मला कळलं की भीती आधी हाताला लागते. माझ्या हातांनी उधळलेला गोऱ्हा वेसणीला धरून थांबवलेला आहे. त्या दिवशी त्याच हातांना पाण्याचा गडवा धरता येईना. पण ते पुढं सांगतो. आधी शाळेच्या अनसूयाबाई सांगतो.

आमचं गाव अल्लीपूरच्या अलीकडे, नाल्याच्या या काठाला. शाळा म्हणजे गावाच्या कडेचं टिनाचं छप्पर. आमची वस्ती त्याला लागून; माझ्या घराची आणि शाळेची भिंत एकच. मी शिकलो दुसरीपर्यंत. माझ्या वेळच्या मास्तरानं मला दाराबाहेर, चपलांजवळ बसवलं होतं. एक दिवस मी उठलो आणि पुन्हा गेलो नाही. आईनं मारलं, तरी गेलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण बाई आल्या आणि भिंतीच्या अलीकडे दोर वळता वळता मी जे ऐकलं, ते कोणत्या शाळेत मिळालं असतं ते सांगा.

बाई पुलगावकडच्या. तिशीच्या असतील. एकट्या राहायच्या. काऊन एकट्या, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अंगानं काडी, आणि छत्री मात्र गड्यामाणसाची, काळी, लांब दांड्याची. ऊन असो, पाणी असो, छत्री हातात.

आणि भित्र्या किती! असा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बैलाला भ्यायच्या. गाडीत चढायचं तर मागून चढायच्या, आणि चढल्यावर म्हणायच्या, "बैलांना सांगा, मी बसले आहे." विहिरीच्या काठाला जात नसत. माझी बायको शांता त्यांचं पाणी ओढून द्यायची आणि बाई दहा हात दूर उभ्या राहून म्हणायच्या, "शांता, वाकू नको ग, वाकू नको." वीज कडाडली की बाईंचं सगळं संपलं. घोंगडी डोक्यावरून घ्यायच्या आणि आतून मोठ्यानं पाढे म्हणायच्या. सगळी वस्ती हसायची. माझी आई म्हणायची, "हे पोट्ट्यायले शिकवते का पोट्टे इले सांभाळते?"

अजून एक. एरवी बाई पुस्तकी बोलायच्या. घाबरल्या की पुस्तक गळून पडायचं आणि आमची बोली तोंडात यायची. त्यावरून आम्हाला कळायचं, किती घाबरल्या ते.

पण झाडाचं नाव निघालं की हीच बाई दुसरी व्हायची. आमच्या गावात मोठी चिंच होती. तिच्यावर हडळ राहते, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक. तिन्हीसांजेला तिच्याखाली कोणी जात नसे. बाईंनी पहिल्याच महिन्यात सगळी शाळा दिवेलागणीला त्या चिंचेखाली नेली. मी लांबून पाहत होतो. बाईंनी छत्री दोन्ही हातांनी उराशी धरलेली मला तिथून दिसली. पोरं एकमेकांना चिकटलेली.

"वर पाहा," बाई म्हणाल्या. "दुपारी पानं कशी होती?"

"उघडी."

"आता?"

पोरं पाहतात तर खरंच, चिंचेची बारीक पानं जोडीजोडीनं मिटलेली. हात जोडावेत तशी.

"चिंच झोपली. हिला कोणी झोप म्हणून सांगत नाही. दिवस बुडाला की हिचं हिला कळतं."

पाटलाचा नातू बंडू, तोंडानं तिखट. तो म्हणाला, "अन् हडळ कवा झोपते, बाई?"

बाई म्हणाल्या, "थे मले मालूम नाई बावा. चला आता, लवकर चला." आणि सगळ्यांच्या पुढं बाईच चालल्या, भराभर, मागं न पाहता. तेव्हा मला कळलं, हडळ नाही म्हणून बाई तिथं गेल्या नव्हत्या. हडळीला भीत भीत गेल्या होत्या, पोरांनी पानं पाहावीत म्हणून.

त्यांची शिकवायची रीत निराळी होती. त्या झाडांचं घराणं सांगायच्या. पऱ्हाटी, भेंडी, अंबाडी या बहिणी. फुलं पाहा, तोंडावळा एकच. पऱ्हाटीचं फूल आज पिवळं उमलतं, उद्या गुलाबी होऊन गळतं. मी जन्मभर कापसात वावरलो आणि ते कधी पाहिलं नव्हतं. भिंतीआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन पाहिलं. खरं निघालं. भुईमूग फूल वर धरतो आणि मग त्याची दांडी खाली वाकून मातीत शिरते, शेंग जमिनीत भरते, बाई म्हणायच्या, "लाजाळू बाई आहे, बाळंत व्हायला आतल्या खोलीत जाते." वांगं, मिरची, टमाटर, तंबाखू आणि धोतरा, हे एक घराणं. "चांगल्या घरात एक गुंड निघतोच. धोतरा यांचा गुंड. त्याला हात लावायचा नाही."

आणि त्यांचा एक बोल होता, तो गावात म्हणीसारखा झाला होता: "आधी घराणं विचारा, मग हात लावा." पोरं रस्त्यानं जाताना कोणत्याही झुडपाला विचारायची, "काय गा, कोनाच्या घरचा?" बायका लग्नाच्या गोष्टींत म्हणायच्या, "बाईचं ऐका, आंधी घरानं इचारा."

माझी मुलगी वच्छी तेव्हा पहिलीत होती. आदल्या वर्षीच आम्ही धर्म बदलला होता. घरातले देव नाल्यात सोडले होते, मीच सोडले होते, माझ्या हातानं. वस्तीतल्या कडुनिंबाखालची मरीमाय तेवढी तिथंच होती, शेंदूर उडालेली. तिच्याकडे कोणी जात नव्हतं. बाईंनी शाळेत सगळी पोरं एका ओळीत बसवली होती. वच्छी बंडूच्या शेजारी बसायची. गावात कुजबुज झाली. बाई कुजबुजीलाही भ्यायच्या, पण ओळ काही मोडली नाही.

तर तो भादवा. दुपारची वेळ, आभाळ काळं झालेलं. मी भिंतीच्या अलीकडे अंबाडीचा दोर वळत बसलो होतो. पलीकडे शेंगवाल्यांचं घराणं चाललं होतं. तूर, हरभरा, मूग, भुईमूग.

बंडू म्हणाला, "बाई, झाडायची जात असते का?"

"जात नसते, घराणं असतं."

"मंग फरक काय पडला?"

बाई म्हणाल्या, "जातवाले दुसऱ्याच्या घरी जेवत नाहीत. घराण्यातले एकमेकांच्या घरी हक्कानं जेवतात. तूर, हरभरा, तरोटा, पळस, सगळे एका पंगतीत."

माझ्या हातातला दोर थांबला. एका पंगतीत! मला वाटलं, ही भित्री बाई काय बोलून गेली हे हिला तरी कळलं का?

मग त्यांनी गुंजेचा वेल काढला. कुंपणावरचा. "हीसुद्धा तुरीच्या घरचीच. शेंग पाहा, फूल पाहा. पाला चावून पाहा." पोरांनी चावला. गोड लागतो गुंजेचा पाला, विड्यात घालतात. पोरं खूश. मग बाईंनी डबा उघडला, त्यात गुंजा, लाल आणि डोक्यावर काळा टिळा. सोनार गुंजांनीच सोनं तोलायचे, कारण दाणे वजनाला सारखे भरतात. कवच इतकं पक्कं की पाणी आत जात नाही, म्हणून बी वर्षानुवर्षं मातीत तशीच पडून राहते. ओरखडा पाडला तरच पाणी पिते, फुगते, उगवते. आदल्या दिवशी बाईंनी पोरांदेखत काही गुंजा धारेच्या दगडावर घासून ओल्या पोत्यात ठेवल्या होत्या, त्या फुगलेल्या दाखवल्या.

"पाला गोड आहे," बाई म्हणाल्या, "पण बी मात्र..."

आणि नाल्याकाठच्या सिंदीच्या झाडावर वीज पडली.

असा कडाका मी त्यानंतर ऐकला नाही. टिनाचं छप्पर झणझणलं. "पळा वो पोट्टेहो, घरी पळा!" बाई ओरडल्या आणि पोरांना हाकलून शाळेपलीकडच्या आपल्या खोलीत शिरल्या. थोड्या वेळानं घोंगडीतून पाढे ऐकू आले. मी हसलो. खरं सांगतो, हसलो.

डबा तसाच उघडा राहिला होता.

वच्छी ओली होऊन घरी आली. शांतानं तिला पुसलं, भाकर वाढली. ती म्हणाली, "मले भूक नाई. मी जेवून आली."

"कोनाच्या घरी?" आईनं विचारलं. आमच्या पोरांना गावात कोण जेवू घालणार?

"तुरीच्या बहिणीच्या घरी."

मी पुन्हा हसलो. मग वच्छी म्हणाली, "डब्यातली गुंज दातानं फुटली नाई बाबा. पान्यासंगं गिळली. तीन गिळल्या."

माझ्या आईनं कपाळावर हात मारला. गुंज म्हणजे जहर, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. गुंज उगाळून गुरं मारल्याच्या गोष्टी आमच्याकडे होत्या. मी तसाच पावसात पळालो. बाईंचं दार वाजवलं. बाई घोंगडीसकट बाहेर आल्या.

"बाई, वच्छीनं गुंजा गिळल्या."

बाईंचं तोंड पाहिलं आणि मला आमचं मरण दिसलं. "चावल्या का गिळल्या?"

"गिळल्या म्हणते."

"डब्यातल्या का पोत्यातल्या?"

"डब्यातल्या."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "काही घासेल गुंजा उरल्या होत्या. मी त्या डब्यात वापस टाकल्या का फेकल्या, मले आठवून नाई राह्यलं. बाप्पा, मले आठवून नाई राह्यलं!"

मला तेव्हा समजलं नाही. धावता धावता त्यांनी सांगितलं. आख्खी गुंज पोटात गेली तर जशी जाते तशीच बाहेर येते, कवच पाणी आत घेत नाही, तर जहरही बाहेर सोडत नाही. पण ओरखडलेली गुंज पोटात पाणी पिणार. फुगणार. उकलणार. मग औषध नाही.

वर विजा चालल्या होत्या. ज्या बाई विजेला घोंगडीत शिरायच्या, त्या उघड्या चिखलातून माझ्या पुढं धावत होत्या. छत्री उलटी झाली, ती तशीच टाकून दिली.

दवाखाना अल्लीपूरला, आणि मध्ये नाला. मी काठापर्यंत जाऊन आलो. पाणी बाभळींच्या शेंड्याला लागलेलं. गाडी सोडा, म्हैस उतरली नसती.

बाईंनी मिठाचं पाणी केलं आणि वच्छीला पाजलं. ते पाजताना माझ्या हातातून गडवा पडला, तो बाईंनी उचलला. वच्छी ओकली. एक गुंज आली. बाईंनी ती धुतली, नखानं चारी अंगांनी चाचपली, उजेडाला धरली. "कोरी आहे. ओरखडा नाही."

"मंग बाकीच्या बी कोऱ्याच असतीन," शांता म्हणाली.

बाईंनी गडवा पुन्हा भरला. पुन्हा पाजलं, पण आता नुसतं पाणी पडत होतं. दोन गुंजा आत.

मग सुरू झालं वाट पाहणं. कशाची वाट पाहत होतो कोण जाणे, गुंजेची का मरणाची. आई माझ्यामागं लागली, "मरीमायले नारळ बोल. एक बार बोल. लेकरापुढं कायचा हट्ट?"

मी म्हटलं, "मी सोडला थो देव. आता लेकरू अडलं म्हनून त्याच्या पाया पडू?"

"तुह्या पोटात गोटा हाय गोटा!" आई म्हणाली. आणि बाईंकडे वळून, "तुमी तरी सांगा वो याले."

बाई वच्छीचे पाय चोळत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मी मनात बोलली हाय, मावशी. कोनाले बोलली थे इचारू नका."

गोटा नव्हता हो पोटात. पण पूर्वी भीती नेऊन ठेवायला एक जागा होती. आता ती भीती माझी मलाच धरून बसावी लागत होती. आईला ते समजलं नसतं, म्हणून बोललो नाही. हट्टी म्हणाली तर म्हणू दे.

वच्छीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिनं विचारलं, "बाई, मी मरतो का?"

आम्ही सगळे एकदम बोललो, नाही, नाही. बाईंनी तेवढा तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "मले मालूम नाई, पोरी. पण तू उठत नाई तवरी मी बी इथून उठत नाई."

"विजा पडल्या तरी?"

"पडल्या तरी."

"मंग पाढे म्हना."

बाई पाढे म्हणू लागल्या. बाहेर एकदा कडाडलं तेव्हा त्यांचा आवाज तुटला, वच्छीनं पुढचा आकडा सांगितला, आणि पाढा पुढं गेला. त्या आमच्याच घरी राहिल्या. आमच्याच गडव्यानं पाणी प्याल्या, शांतानं दिलेली अंबाडीची भाजी नि भाकर खाल्ली. कोण कोणाच्या घरी जेवतंय ते त्यांनी पाहिलं नाही, आम्हीही पाहिलं नाही. पाहायला जीव कोणाचा ठिकाणावर होता?

दुसऱ्या दिवशी दुसरी गुंज आली. काडीनं शोधायचं काम माझं, पाहायचं बाईंचं. तीही कोरी. शांता रडली. पण वच्छीचं अंग तापलेलं होतं आणि पोट ढाळत होतं, मग रक्त दिसलं. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून मला कळलं, तिसरी कशी असेल ते त्यांना ठाऊक आहे.

तिसरी आली ती संध्याकाळी. बाईंनी धुऊन हातात घेतली आणि माझ्यापुढं धरली. मी पाहिली. एका अंगाला पांढरा ओरखडा. जराशी फुगलेली. पण उकलली नव्हती. ओरखडा पुरता आतपर्यंत पोचला नव्हता. दगडावर बाईंचा हात तिथं हलका पडला असेल. एवढंच अंतर होतं. केसाएवढं.

वच्छी काही दिवस पडून होती. आम्ही रोज भीत होतो. मग एके सकाळी तिनं भाकर मागितली, वर मिरची मागितली, आणि शांता म्हणाली, "वाचली."

पाटील शाळेत आले. म्हणाले, "बाई, हे झाडाझुडपाचं बंद करा. पुस्तकात हाय तेवढं शिकवा." बाई दोन पावलं मागं सरकल्या. पण म्हणाल्या, "अर्धं सांगितलं म्हणून असं झालं. आता पूर्ण सांगीन." त्या दिवसापासून त्यांचा बोल बदलला. कोणतंही झाड काढलं की म्हणायच्या, "आधी वैरी सांगते, मग सोयरे." गुंज, कण्हेर, मोगली एरंड, आधी यांचं जहर, मग बाकी सगळं.

आणि एक नेम त्यांनी धरला. रोज सकाळी शाळेच्या दारात उभ्या राहायच्या. पोरगं आलं की, "आ कर." तोंडात पाहायच्या, जिभेखाली, गालात. मग खिसा, मग ओचा. पाटलाचा बंडू असो की आमची वच्छी, आ केल्याशिवाय आत पाय नाही. गाव हसलं. बाई हसण्याला भ्यायच्या, पण दारातून हलल्या नाहीत. पाऊस असला तरी दारात. वीज कडाडली तर डोळे मिटून घ्यायच्या, "आ कर" मात्र चालूच.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी त्यांची बदली झाली. नवे मास्तर त्याच दिवशी हजर झाले, चांगले जाडजूड, कशाला न भिणारे. बाईंना पुलगावच्या गाडीवर सोडायला बैलगाडी मीच जुंपली. बाई मागून चढल्या. ट्रंक, डबे, नवी छत्री. बसल्यावर म्हणाल्या, "बैलांना सांगितलं का?"

"सांगतलं, बाई."

वच्छी चाकाजवळ उभी होती. बाईंनी तिला वर ओढलं, हनुवटी धरली. "आ कर."

वच्छीनं आ केला. बाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. तोंडात काही नव्हतं. मग त्यांनी तिचं तोंड आपल्या हातानं मिटलं आणि म्हणाल्या, "चला."

टेशनवर इंजिनाच्या शिटीला त्या इतक्या दचकल्या की छत्री हातातून पडली. मी उचलून खिडकीतून दिली. गाडी हलली. बाईंनी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला होता. तेवढंच शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेलो नाही. हातपाय धुतले, सदरा घातला आणि शाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो. जिथं मला मास्तरानं चपलांजवळ बसवलं होतं, तिथंच. नवे मास्तर आतून म्हणाले, "काय पाहिजे रे?" मी म्हटलं, "बाईचा नेम हाय." पोरं आली, मला पाहून थांबली. सगळ्यात पुढं बंडू होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

मी म्हटलं, "आ कर."

त्यानं केला.